मॅटीवरच्या कुत्र्याच्या छत्र्या

मॅटीच्या कापडावर गोल काढता येत नाही. कापड मुळातच चौकटी-चौकटींनी विणलेलं. एका चौकटीत एक फुली, आणि फुली म्हणजे दोन तिरके टाके, एकावर एक. आंबा भरा, चंद्र भरा, नाहीतर बाळकृष्णाचा गाल भरा. जवळ जाऊन पाहिलं की कडेला पायऱ्याच. गुलाबाचं यात फारसं बिघडत नाही, पाकळ्यांच्या गर्दीत पायऱ्या लपून जातात. भूछत्राची मात्र पंचाईत होते. त्याला लपायला जागाच नाही. एक टोपी, एक देठ, संपलं. टोपीची कड हुकली की सगळंच हुकलं.

आणि मला नेमका भूछत्रं भरण्याचाच नाद लागला आहे.

चौदा काउंटच्या कापडावर, म्हणजे इंचाला चौदा फुल्या बसतात त्या कापडावर, चार सेंटिमीटर रुंदीची टोपी बावीस घरांत मावते. ती अशी भरायची: सर्वांत वरच्या रांगेत सहा घरं. खालच्या रांगेत दोन्ही बाजूंना तीन-तीन घरं वाढवायची. त्याखाली दोन-दोन, मग एक-एक, पुन्हा एक-एक, मग एक रांग आहे तेवढीच ठेवायची आणि शेवटी पुन्हा एक-एक. झाली बावीस. हातभर लांब धरून पाहिलं की पायऱ्या विरघळतात आणि घुमट दिसतो. यात तीनच्या जागी दोन आणि दोनच्या जागी तीन झाले की टोपीला खांदे येतात, आणि खांदे आलेलं भूछत्र हे भूछत्र दिसत नाही, हेल्मेट दिसतं.

माझ्या भाच्यानं असंच एक अर्धवट भरलेलं काम रिंगमध्ये पाहिलं आणि ओरडला, “मावशी, हे तर मारिओचं मश्रूम!” मला आधी राग आला; मग पटलं. सुपर मारिओ हा जपानी व्हिडिओ गेम १९८५मध्ये आला तेव्हा त्यातलं ते मश्रूम उभे सोळा आणि आडवे सोळा अशा ठिपक्यांत बसवलं होतं. एकूण २५६ चौकोन. त्या चित्रकारांपुढची अडचण आणि माझी अडचण तंतोतंत एकच: चौकोनांतून गोल दाखवायचा आहे आणि चौकोन मोजकेच आहेत. फरक इतकाच की त्यांना सुई टोचत नव्हती.

आमच्याकडे क्रॉस स्टिच नवीन नाही. रुखवतात मांडलेले मॅटीचे रुमाल, टीव्हीवरचं झाकण, दारावरचं ‘सुस्वागतम्’, चोचीत चोच घातलेले दोन पोपट, टोपलीतलं मांजराचं पिल्लू, हे सगळं माझ्या पिढीनं पाहिलंय आणि निम्म्या मुलींनी शाळेच्या शिवणाच्या तासाला भरलंय. बाई रुमाल हातात घ्यायच्या आणि आधी उलटा करायच्या. मागे गाठ दिसली, की सुलट बाजू बघायच्याही नाहीत. ही मागून बघण्याची खोड जुनीच असावी. सोलापूर-कोल्हापूरकडच्या घरांत जपून ठेवलेल्या इरकल साड्यांवर धारवाडची कसुती असते. तिचाही हिशोब धागे मोजण्याचाच, तिच्यातही फुलीचा टाका आहे, त्याला मेंती म्हणतात. आणि तिच्यातला गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, गाठ कुठे शोधून सापडत नाही. कसुतीत गोपुरं आहेत, रथ आहेत, हत्ती, मोर आणि तुळशीवृंदावनं आहेत. भूछत्र काही मला कुठे दिसलं नाही.

ते साहजिकच आहे. कापडावर माणसं शुभ तेवढंच काढतात. सासूबाईंनी माझं पहिलं भूछत्र पाहिलं आणि चष्मा वर करून विचारलं, “हे काय गं, कुत्र्याच्या छत्र्या?”

“हो आई.”

“कुंडीत उगवल्या की आपण उपटून टाकतो, आणि तू त्या भिंतीवर टांगणार?”

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. टांगलं मात्र.

नक्षीच्या बाजारात भूछत्रांना तोटा नाही. फक्त सगळी भूछत्रं एकच असतात: लालभडक टोपी, तिच्यावर पांढरे ठिपके, खाली गुबगुबीत पांढरा देठ, जमल्यास शेजारी एक गोगलगाय. याला फ्लाय अॅगॅरिक म्हणतात, शास्त्रीय नाव अमॅनिटा मस्कॅरिया. युरोपातल्या भूर्ज आणि पाइन झाडांच्या मुळांशी त्याचं सख्य असतं, म्हणून ते त्या रानांत उगवतं. ते विषारी आहे, तरीही जर्मनीत नव्या वर्षाच्या शुभेच्छापत्रांवर ते आपल्या स्वस्तिकासारखं शुभचिन्ह म्हणून छापत आले आहेत. अमेरिकेत १९७०च्या दशकात सिअर्स कंपनीनं भूछत्रांची चित्रं असलेले स्वयंपाकघरातले डबे विकले आणि ते घरोघरी गेले. पुढे २०२०च्या टाळेबंदीत जगभरची माणसं घरात अडकली, खेड्यातल्या टुमदार घराची स्वप्नं पाहू लागली आणि त्या स्वप्नात भूछत्रंही आली. आज तयार किट घ्यायला गेलं तर फुलपाखरांच्या खालोखाल तीच सापडतात.

मीही सुरुवात त्याच लाल टोपीनं केली. भरायला ती सोपी असते, पटकन उठून दिसते आणि लाल रंग कुणालाही आवडतो. पण भरताना त्या पांढऱ्या ठिपक्यांची गंमत कळली आणि मग नक्षीवरचा विश्वास उडाला. ते ठिपके मुळात टोपीचे नसतातच. हे भूछत्र लहान असताना पूर्णपणे एका पांढऱ्या पडद्यात गुंडाळलेलं असतं, अंड्यासारखं. आतलं वाढतं, पडदा ताणून फाटतो आणि त्याचे तुकडे टोपीला चिकटून राहतात. जोराचा पाऊस आला तर ते धुऊनही जातात. म्हणजे रानात एकही ठिपका नसलेली, ऊन-पावसानं फिकट होऊन नारिंगी पडलेली अमॅनिटाही असणार. नक्षीत ती कधीच नसते. नक्षी करणाऱ्यानं दुसरी नक्षी बघितलेली असते, दुसरीनं तिसरी. भूछत्र त्यांतल्या कुणी कधी पाहिलं होतं, देव जाणे. पोपटांचंही आपण असंच केलं होतं. रुखवतातल्या पोपटांच्या पायाला बोटं किती, हे कुणी मोजायला गेलं नाही.

तेव्हापासून मी तयार नक्षी आणणं बंद केलं. आलेखाचा कागद, रंगीत पेन्सिली आणि आपल्या आसपास जे उगवेल ते.

पहिली पाळी कुंडीतल्या पिवळ्याची. पावसाळ्यात तुमच्याही बाल्कनीत ते आलेलं असेल. तुळशीच्या किंवा मनीप्लांटच्या कुंडीत एके सकाळी लिंबाच्या रंगाचे बारके मुगदर उभे असतात. याचं नाव ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमी. प्रागच्या कोर्डा या बुरशीतज्ज्ञानं १८३९मध्ये त्याचं वर्णन केलं. मूळचं उष्ण प्रदेशातलं, पण कुंड्यांतल्या मातीबरोबर ते थंड देशांतल्या काचघरांतही जाऊन बसलं आहे. झाडाला त्याचा काही त्रास नसतो. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर आणि शेणखतावर त्याचं भागतं.

हे भरायचं तर घाई करावी लागते. सकाळी टोपी मिटलेली, लांबट, वरून पिवळी भुकटी भुरभुरावी तशी. दिवस वर येतो तशी ती घंटेसारखी खुलते आणि मग सपाट होत जाते. कडेवर बारीक चुण्या उमटतात, अगदी नऊवारीच्या निऱ्यांइतक्या नेमक्या. मधोमध एक तपकिरी बोंडुक राहतं. देठावर एक नाजूक कडं असतं, ते बोट लागलं तरी निघून येतं. दुसऱ्या दिवशी पाहावं तर सगळं मान टाकून पडलेलं. त्यामुळे आधी फोटो, तोही तीन बाजूंनी, मग कागद.

कागदावर पहिला प्रश्न रंगांचा. डोळ्यांना ते ‘पिवळं’ दिसतं. दोऱ्याच्या पेटीत पिवळं असं काही नसतं. डीएमसी कंपनीच्या लड्यांत ७४३, ७४४, ७४५ अशी एकाच घरातली पिवळी भावंडं उतरत्या क्रमानं बसलेली असतात आणि ३०७८ तर इतका फिकट की तो पांढऱ्यावर ठेवला तरच पिवळा आहे हे कळतं. बोंडुकाशी ७४३, मग ७४४, उजेडाच्या बाजूला ७४५ आणि कडेला ३०७८. एका लडीत आठ मीटर दोरा असतो, सहा पदरांचा. चौदा काउंटवर दोन पदर काढून भरतात. पण चुण्यांसाठी मी एकच पदर घेते आणि फुली पुरी करत नाही. एकच तिरका टाका घालून सोडून देते. मागचं कापड त्यातून दिसत राहतं आणि तिथली टोपी पातळ वाटते. खऱ्या भूछत्राचीही कड तशीच असते, तिच्यातून उजेड आरपार येतो.

दुसरा प्रश्न: काय गाळायचं. बावीस घरांत चाळीस चुण्या मावत नाहीत. त्यांतल्या सात-आठच घ्याव्या लागतात, आणि कुठल्या घ्यायच्या हे ठरवण्यासाठी सगळ्या बघाव्या लागतात. या छंदाचं सगळं सुख माझ्या मते इथेच आहे, सुईपर्यंत जायच्या आधीच. हल्ली मोबाइलमध्ये फोटो घातला की नक्षी तयार करून देणारी ॲप आहेत. मी वापरून पाहिली. ती काहीच गाळत नाहीत. एका छोट्या टोपीला साठ रंग सांगतात आणि प्रत्येक रंगाची एक-एक फुली इकडेतिकडे उधळून देतात. भरणारे याला कॉन्फेटी म्हणतात, वैतागून. साठ सुया ओवायच्या आणि शेवटी दिसतो तो पाण्यात भिजलेला फोटो. यंत्राला भूछत्र आणि त्यामागची गॅलरीची जाळी सारखीच महत्त्वाची वाटते. माणसाला तसं वाटून चालत नाही.

बिआट्रिक्स पॉटर हे नाव सशांच्या गोष्टींमुळे ठाऊक असतं. पण पीटर रॅबिट १९०२ला पुस्तकरूपात येण्याच्या आधी कित्येक वर्षं ही बाई भूछत्रांची जलरंगातली चित्रं काढत होती, साडेतीनशेच्या आसपास. स्कॉटलंडमधला चार्ल्स मॅकिन्टॉश नावाचा एक पोस्टमन निसर्गाचा मोठा जाणकार होता. नुसती सुंदर टोपी काढू नका, तिच्या खालच्या पट्ट्या दाखवा, उभा छेदही दाखवा, असं त्यानं तिला सांगितलं आणि टपालानं नमुने पाठवत राहिला. १८९७मध्ये बीजाणू कसे रुजतात यावरचा तिचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला गेला, पण वाचला जॉर्ज मॅसी यांनी. बायकांना तिथे प्रवेश नव्हता. पुढे सोसायटीनं शंभर वर्षांनी चूक कबूल केली. मला त्याहून मोठी दाद वाटते ती दुसरीच: १९६७मध्ये रानातल्या बुरशींवरचं एक इंग्रजी पुस्तक निघालं तेव्हा ओळख पटवण्यासाठी त्यात तिचीच चित्रं छापली. तिला जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. पोस्टमननं दिलेला सल्ला मी मॅटीवर पाळते. एकाच चौकटीत टोपी वरून, टोपी खालून आणि मधोमध चिरलेली. पाहुण्यांना चिरलेली आवडत नाही.

पिवळ्यानंतर तपकिरी. याबद्दल कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण भूछत्रांच्या छंदात लालचा खर्च नगण्य आणि तपकिरीचा बेसुमार. ८३८पासून ८४२पर्यंतचे पाच मातकट रंग आणि ४३३पासून ४३७पर्यंतचे पाच मधाळ रंग, एवढ्यावर अर्धं रान भरून निघतं. तुळशीबागेत मी हे नंबर वाचून दाखवते तेव्हा दुकानदार हमखास म्हणतात, “ताई, ब्राउनच्या एवढ्या शेड काय करणार? गुलाबीत बघा की, मस्त माल आलाय.” त्यांना वाळक्या फांदीवर पंख्यासारख्या उगवणाऱ्या शिझोफायलमबद्दल काय सांगणार! ती बुरशी आपल्याकडे कुठल्याही तोडून टाकलेल्या लाकडावर सापडते. वरून राखाडी, लवदार. खालच्या पट्ट्या मधोमध उभ्या चिरलेल्या. उन्हात सुकली की पट्ट्यांची टोकं आत वळतात आणि पाऊस पडला की पुन्हा उघडतात. ती भरताना ८४२ आणि पांढरा असे एक-एक पदर एकाच सुईत ओवायचे. दोन रंग टाक्यात मिसळतात आणि लव दिसते.

सर्वांत कठीण पांढरं. वारुळावर येणारी अळंबी आपल्याकडे पावसाळ्यात सगळ्यांच्या जिभेवर असते. कोकणात आणि गोव्यात ती पानात बांधून रस्त्याच्या कडेला विकायला येते, आणि गोव्यातल्या ‘रोंयणी आळमीं’साठी माणसं भाव न करता पैसे मोजतात. ही टर्मिटोमायसिस जातीची अळंबी वाळवी स्वतःच्या बिळात पोसते. वाळवीशिवाय ती माणसाला अजून शेतात लावता आलेली नाही. टोपीच्या मधोमध एक टोकदार उंचवटा असतो, त्यानं ती माती फोडून वर येते. देठ वर दिसतो वीतभर, आणि खाली मातीत मुळासारखा उतरत वाळवीच्या बागेपर्यंत जातो. पांढऱ्या मॅटीवर पांढरी अळंबी भरायची कशी?

याचं उत्तर मला इटलीत सापडलं. असिसी गावच्या भरतकामात आकृती भरतच नाहीत. आकृतीची फक्त बाह्यरेषा घालतात, भोवतालची सगळी जागा फुल्यांनी भरून काढतात आणि मधलं कापड कोरं सोडतात. जुनी पद्धत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या बायकांनी ती पुन्हा चालू केली. मी त्याच रीतीनं माती भरली. वर चार रांगा गवत, मग ८४०, मग ८३९, मग ८३८, खाली वाळवीच्या बागेभोवती जवळजवळ काळा. अळंबीला सुई लावलीच नाही. टोकदार माथा, टोपी, देठ आणि त्याची खोल गेलेली शेपटी, सगळं कोरं कापड. शेवटची फुली पडेपर्यंत तिथे काही आहे असं वाटत नव्हतं. सासूबाईंनी त्यावर कधी नव्हे ती टिप्पणी केली, “हे अगदी आमच्या रानातलं हं.” त्यांचं माहेर सिंधुदुर्गातलं.

इथे एक मोह होतो, तो सांगून टाकते. बुरशीचं खरं शरीर म्हणजे जमिनीखालचं तंतूंचं जाळं, आणि भूछत्र हे तिचं फळ. तशीच भरतकामाची उलट बाजू आणि सुलट बाजू, वगैरे वगैरे. भिशीत हे एकदा तरी कुणीतरी बोलतंच. ऐकायला छान वाटतं. पण माझी उलट बाजू बुरशीइतकी सुसूत्र नाही, तेव्हा मी गप्प बसते.

राहता राहिलं चमकणारं. भीमाशंकरच्या जंगलात भर पावसाळ्यात, अमावास्येच्या आसपास, ओल्या कुजक्या लाकडांवर हिरवट उजेड दिसतो. मायसिना जातीच्या बुरशीचं ते काम. उजेड इतका मंद की टॉर्च बंद करून डोळे अंधाराला सरावल्याशिवाय तो दिसत नाही. आता अंधारात उजळणारा दोराही निघाला आहे. दिवसा तो साधा, पिवळट पांढरा दिसतो. दिव्याखाली धरून ठेवला की रात्री थोडा वेळ हिरवा उजेड देतो. हा दोरा भरायला महा वाईट. चरचरीत, सुईच्या नेढ्यातच पिंजारणारा, कापडातून ओढला की कुरकुरणारा. वीतभराहून लांब घेऊ नये, आणि ओला करून ओवावा. तरी मी काळ्या मॅटीवर ती नक्षी केली. दिवसा भिंतीवर नुसतं काळं कापड आणि फिकट ठिपके दिसतात, कुणी ढुंकून बघत नाही. रात्री दिवा मालवल्यावर दिसते. दोऱ्याचा उजेड दहा-पंधरा मिनिटांत विझतो. बुरशीचा रात्रभर टिकतो. कापडाची मर्यादा कापडालाच.

या पावसाळ्यात तुमच्या कुंडीत पिवळं उगवलं तर उपटण्याआधी सकाळी एक फोटो घ्या, सावलीत, फ्लॅश न लावता. आलेखाच्या कागदावर बावीस घरं आखा, तीन पिवळे आणि एक तपकिरी रंग घ्या, सुई बोथट टोकाची घ्या. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला पडू द्या, नाहीतर टोपी डागाळल्यासारखी दिसते. आणि हे पिवळं छत्र पोटात गेलं तर त्रास देतं. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर फोटो झाल्यावर ते काढून टाका आणि हात धुवा.